जुना नंबर फोन घ्यायला, फायबर फोन करायला: लँडलाइनचं बिल खाली आणण्याची रीत

घरात बीएसएनएलची किंवा एमटीएनएलची तांब्याच्या तारेवरची जुनी लाइन आहे. इंटरनेटसाठी दुसऱ्या कंपनीचं फायबर आलंय, आणि त्या फायबरच्या डब्यामागचं 'फोन' असं लिहिलेलं सॉकेट पहिल्या दिवसापासून रिकामं आहे. अशी घरं आपल्याकडे भरपूर. बहुतेक फायबर प्लॅनमध्ये देशभरचे लोकल आणि एसटीडी कॉल धरलेले असतात, म्हणजे त्या रिकाम्या सॉकेटचे पैसे तुम्ही दरमहा भरताच आहात. तरीही फोन लावायचा म्हटलं की हात जुन्याच फोनकडे जातो आणि तिकडचं मीटर फिरत राहतं.

इलाज साधा आहे. जुना नंबर येणाऱ्या फोनसाठी ठेवायचा आणि बाहेर जाणारा प्रत्येक फोन फायबरच्या लाइनवरून करायचा. पण जोडणी, डायल करायची पद्धत आणि कॉल फॉरवर्डिंग यांत थोडं चुकलं तर बिल उतरायच्या ऐवजी चढतं, किंवा फोनच बंद पडतो.

नंबर सरळ दुसऱ्या कंपनीत का नेता येत नाही

मोबाइलचा नंबर २०११ पासून देशभर एका कंपनीतून दुसरीत नेता येतो. लँडलाइनला ही सोय नाही. बीएसएनएलचा नंबर एअरटेल किंवा जिओच्या फायबरवर जात नाही, तिथे नवा नंबरच मिळतो. ब्रिटनमध्ये लाइन एका कंपनीची ठेवून, नंबरच्या आधी चार-पाच आकडी कोड फिरवून कॉल दुसऱ्या कंपनीमार्फत नेण्याची पद्धत बरीच वर्षं चालली. आपल्याकडे ती रुजली नाही. त्यामुळे दोन कंपन्यांचा मेळ एक्स्चेंजमध्ये बसत नाही, तो आपल्याच घरात, फोनच्या टेबलावर बसवावा लागतो.

आधी बिल वाचा

शेवटची तीन बिलं समोर घ्या आणि प्रत्येकातून तीन आकडे काढा: भाडं, कॉलचे पैसे, आणि त्या दोन्हींवरचा १८ टक्के जीएसटी. कॉल मिनिटांनी मोजलेत की युनिटने, तेही पाहा. पल्स, म्हणजे एका युनिटमागे मिळणारा वेळ, ६० सेकंदांची असेल तर ६१ सेकंदांच्या बोलण्याला दोन पल्स लागतात. "पोचलास का?" एवढंच विचारणारे छोटे छोटे फोन म्हणूनच महाग पडतात.

समजा भाडं २४९ रुपये आणि कॉल १८० रुपये. बेरीज ४२९, जीएसटी धरून ५०६ रुपये २२ पैसे. बाहेर जाणारे सगळे फोन फायबरवर नेले तर उरतं फक्त भाडं, म्हणजे कर धरून २९३ रुपये ८२ पैसे. महिन्याला २१२ रुपये ४० पैसे वाचले, वर्षाला अडीच हजारांच्या थोडं वर. हाच हिशेब तुमच्या आकड्यांनी करा. कॉलचे पैसे महिन्याला वीस-तीस रुपयेच येत असतील तर पुढचा खटाटोप करू नका. तुमचा खर्च भाड्यात आहे, आणि त्यावर उपाय खालचाच एक आहे.

सर्वात स्वस्त वाट: त्याच कंपनीचं फायबर

तुमच्या गल्लीत बीएसएनएलचं फायबर पोचलं असेल तर तांब्यावरची लाइन त्यावर नेता येते आणि बहुतेक ठिकाणी नंबर तोच राहतो. मग इंटरनेट, जुना नंबर आणि धरलेले कॉल हे सगळं एकाच बिलात येतं, दुसऱ्या कंपनीचं फायबर बंद करता येतं आणि एक अख्खं भाडं वाचतं.

इथे एक चूक फार होते. अर्ज 'नवीन जोडणी' म्हणून भरला जातो, घरी नवा नंबर येतो, आणि जुना नंबर सरेंडर केल्यावर कळतं की तो आता परत मिळणार नाही. अर्जात स्वच्छ लिहा: 'तांब्यावरून फायबरवर बदल, नंबर तोच ठेवणे'. फायबरवर जुना नंबर वाजताना स्वतः ऐकल्याशिवाय जुन्या लाइनच्या कोणत्याही कागदावर सही करू नका.

दुसऱ्या कंपनीचं फायबर असेल तर

आधी कंपनीला फोन करून लँडलाइन नंबर चालू करून घ्या. इंटरनेट सुरू असलं म्हणजे फोनही सुरू आहे असं नसतं. कुठे वेगळी विनंती करावी लागते, कुठे अ‍ॅपमधून ओळख पटवावी लागते. डब्यावर, म्हणजे ओएनटीवर, 'फोन', 'टेल' किंवा 'पॉट्स' असं लिहिलेलं सॉकेट शोधा. दोन असतील तर बहुधा पहिलंच चालू असतं. दुसऱ्यात वायर घालून डायल टोनची वाट पाहण्यात संध्याकाळ जाते.

यात बसणारी पिन आरजे-११, म्हणजे आपली नेहमीची फोनची छोटी क्लिप. इंटरनेटची पिन, आरजे-४५, जरा रुंद असते. छोटी पिन रुंद सॉकेटात शिरते खरी, पण तिथे डायल टोन येत नाही आणि आतल्या पट्ट्या वाकतात.

सोपी आणि आम्हाला सर्वात पसंत मांडणी म्हणजे शेजारी शेजारी दोन फोन. जुना फोन जुन्या लाइनवर राहू द्या. ओएनटीला एक साधा नवा फोन जोडा आणि त्याच्या रिसीव्हरवर लाल टिकली चिकटवा. घरात नियम एकच: फोन करायचा तर टिकलीवाला उचलायचा, आणि जो वाजेल तो घ्यायचा. सत्तर-ऐंशीच्या आजी-आजोबांनाही हे एका दिवसात जमतं. बटण दाबून लाइन निवडायचे फोन मात्र त्यांच्या हाती फारसे टिकत नाहीत.

टेबलावर एकच फोन हवा असेल तर दोन लाइनचा फोन घ्या. त्याच्या मागे कधी 'लाइन १' आणि 'लाइन २' अशी वेगळी सॉकेटं असतात, कधी 'लाइन १/२' असं एकच. एकच असेल तर चार तारांची वायर लागते. मधल्या दोन तारांवर पहिली लाइन येते, बाहेरच्या दोनवर दुसरी. बाजारात सर्रास मिळणारी दोन तारांची वायर लावली तर दुसरी लाइन कायम मुकी राहते, आणि दोष फोनला दिला जातो. वायरची क्लिप उजेडात धरा, आतल्या सोनेरी पट्ट्या मोजा. चार दिसल्या पाहिजेत.

घरातल्या जुन्या वायरिंगवर फायबरचा फोन न्यायचा असेल तर

हॉलमधून बेडरूमपर्यंत भिंतीतून फोनची वायर आधीच गेलेली असते. तीच वापरता येते, पण हा भाग नीट वाचून करा. सर्वाधिक नुकसान इथेच होतं.

तांब्याच्या लाइनवर एक्स्चेंजमधून सतत सुमारे ४८ व्होल्ट डीसी येत असतो. रिसीव्हर उचलला की तो दहाच्या आसपास किंवा त्याखाली उतरतो, आणि रिंग वाजताना ७५ व्होल्टच्या घरातला एसी येतो. ओएनटीचं फोनचं सॉकेटही आपल्या बाजूने असाच व्होल्टेज सोडतं. हे दोन पुरवठे एकाच वायरवर भिडले तर दोन्ही लाइन कायम 'बिझी' दिसतात, आणि जुन्या लाइनवर रिंग आली की ओएनटीचं सॉकेट जळू शकतं. दोन लाइन 'पॅरलल' जोडायच्या नाहीत, एका मिनिटाच्या चाचणीसाठीसुद्धा नाही.

१. बाहेरून येणारी ड्रॉप वायर जिथे संपते तो रोझेट बॉक्स उघडा. लाइन वाजत असताना उघड्या तारांना हात लावू नका, झटका बसतो.

२. बाहेरून आलेली जोडी आणि घरात जाणारी जोडी वेगळी ओळखा. कुठली कुठली ते कळलं नाही तर एक जोडी सोडवा आणि मल्टिमीटर लावा. ४८ च्या आसपास दाखवेल ती बाहेरची.

३. घरात जाणारी जोडी स्क्रूवरून काढा. बाहेरची जोडी तिथेच राहू द्या आणि जुना फोन थेट रोझेटला लावा.

४. आता बेडरूमच्या सॉकेटवर मल्टिमीटर लावा. शून्य यायला हवा. शून्य आला नाही तर कुठेतरी अजून जोड आहे, पुढे जाऊ नका.

५. शून्य आल्यावरच ओएनटीपासून दोन तारांची वायर आणून सुट्या केलेल्या घरातल्या जोडीला जोडा.

६. बेडरूममध्ये फोन लावून डायल टोन ऐका, मोबाइलवरून रिंग द्या, मग रोझेटवर पेनने लिहा: 'आतली जोडी फायबरची, बाहेरच्या तारेला जोडू नये'. पुढच्या वेळी लाइनमन येईल तेव्हा तो चांगल्या हेतूने दोन्ही परत जोडून जाईल, म्हणून ही चिठ्ठी.

ओएनटीची ताकद एक्स्चेंजइतकी नसते. एका सॉकेटवर दोन, फार तर तीन फोन चालतात. चौथा लावला की रिंग मरतुकडी येते किंवा एखादा फोन वाजतच नाही. खरी घंटा असलेले जुने जड फोन एकटेच दोघा-तिघांइतकी रिंग खातात.

फायबर नाही तिथे

कोकणातल्या वाडीत किंवा घाटावरच्या वस्तीत अजून फायबर नसेल तर दुसरी लाइन म्हणून सिमकार्डवर चालणारा टेबल फोन घ्या. दिसायला लँडलाइनसारखाच असतो, आत बॅटरी असते, मागे छोटी अँटेना. घेताना एकच गोष्ट नीट पाहा: तो फक्त टूजीचा आहे की फोरजी व्होल्टीचा, म्हणजे फोरजीच्या जाळ्यावरून बोलता येणारा. जिओचं जाळं टूजीवर नाही, त्यामुळे टूजी फोनमध्ये जिओचं सिम घातलं तर नेटवर्कच दिसत नाही. फोन घेण्याआधी त्याच कंपनीचं सिम मोबाइलमध्ये घालून फोन जिथे ठेवायचा तिथून बोलून पाहा. खिडकीपाशी पूर्ण काड्या आणि आतल्या खोलीत शून्य, असं दगडी घरांत नेहमी होतं.

या फोनला डेटा लागत नाही. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, डिसेंबर २०२४ मध्ये फक्त बोलणं आणि एसएमएस असलेली रिचार्ज व्हाउचर देणं कंपन्यांना बंधनकारक केलं, आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवायला मुभा दिली. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ती पहिल्या पानावर दिसत नाहीत, खाली शोधावी लागतात. दुकानदारालाही 'फक्त व्हॉइसचं' असं सांगून मागा.

डायल करताना

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला फोन करताना आधी ० लावावा लागतो, फोन त्याच गावातला असला तरी. जुन्या फोनच्या मेमरीत त्याआधी साठवलेले नंबर म्हणूनच लागत नाहीत. नव्या फोनवर साठवताना शून्यासकट साठवा.

लँडलाइनवरून त्याच गावच्या लँडलाइनला एसटीडी कोड लागत नाही. सिमवाल्या टेबल फोनवरून मात्र लागतो, शेजारच्या घरी करायचा असला तरी. फायबर कंपनीच्या मोबाइल अ‍ॅपवरून करतानाही कोडसकटच लावलेला बरा. नंबर बरोबर आहे का ते पडताळायला एक सोपी खूण आहे: सुरुवातीचं शून्य सोडून कोड आणि नंबर मिळून नेहमी दहा आकडे भरतात. पुण्याचा कोड २०, म्हणून नंबर आठ आकडी. नाशिकचा २५३, म्हणून सात आकडी. साताऱ्याचा २१६२, म्हणून सहा आकडी. नऊ किंवा अकरा भरले तर वहीत काहीतरी चुकलंय.

'अमर्याद कॉल' या शब्दांत आयएसडी येत नाही. १८६० ने सुरू होणारे ग्राहकसेवेचे नंबरही फुकट नसतात, १८०० चे असतात. परदेशी असलेल्या मुलाबाळांशी बोलायला इंटरनेटवरचे कॉलच वापरा आणि दोन्ही लँडलाइनवर आयएसडी बंद करून घ्या.

कॉल फॉरवर्डिंगचा चकवा

जुना नंबर फायबरच्या नंबरावर किंवा मोबाइलवर वळवला की जुन्या फोनची गरजच नाही, असं वाटतं. इथेच पैसे जातात. फॉरवर्ड झालेल्या कॉलचा पुढचा टप्पा वळवणाऱ्या नंबराच्या नावावर मोजला जातो. तुम्हाला फोन करणारा आपले पैसे भरतो, आणि तुमच्या जुन्या लाइनवरून तुमच्या मोबाइलपर्यंतचा कॉल तुमच्या बिलात बाहेर गेलेला कॉल म्हणून येतो. जुन्या लाइनच्या प्लॅनमध्ये कॉल धरलेले असतील तर हरकत नाही. मीटरवर असेल तर दिवसाला दहा फोन येणाऱ्या घराचं बिल पहिल्याहून जास्त येईल.

म्हणून मीटरच्या लाइनवर फॉरवर्डिंग फक्त गावाला जाताना, तेही 'उचलला नाही तर' या प्रकारचं लावा, आणि परतल्याच्या दिवशी काढा. कोड एक्स्चेंजच्या प्रकाराप्रमाणे बदलतात, तुमच्या लाइनचा कोड ग्राहकसेवेकडून विचारून फोनच्या तळाशी चिकटवून ठेवा. दोन्ही नंबर एकमेकांकडे कधीच वळवू नका. कॉल दोघांच्या मध्ये फिरत राहतो आणि फोन करणाऱ्याला फक्त बिझी ऐकू येतं.

आणि हे घरातल्या प्रत्येकाला सांगा: अनोळखी माणसाने फोनवर सांगितलं म्हणून कोणताही स्टार-हॅशचा कोड दाबायचा नाही. *४०१# दाबायला लावून लोकांचे मोबाइल कॉल आपल्याकडे वळवून घेण्याची फसवणूक इतकी पसरली की दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून ती सेवाच थांबवायला लावली. मोबाइलवरचं फॉरवर्डिंग फोनच्या सेटिंगमधूनच करा.

काय बिघडतं

डायल टोन आहे पण नंबर लागत नाही: फोनच्या बाजूला किंवा तळाला 'पी' आणि 'टी' असं बटण असतं, ते 'टी'वर करा. 'पी' म्हणजे जुनी चकतीची पद्धत, ती बहुतेक ओएनटींना कळत नाही. चकतीचा फोन म्हणूनच फायबरवर फक्त येणारे कॉल घेईल.

एका बाजूचा आवाज जात नाही किंवा अडखळतो: ओएनटी बंद करून दोन मिनिटांनी चालू करा. तरीही तसंच असेल तर ओएनटीवरचा लाल दिवा पाहा. तो पेटला असेल तर दोष फायबरमध्ये आहे, फोन बदलून उपयोग नाही. बाहेरची पिवळी किंवा काळी केबल कुठे तीव्र कोनात दुमडली आहे का ते बघा, कपाट सरकवल्यावर हे हमखास होतं.

फॅक्स अर्ध्यात तुटतो: दवाखाना किंवा कार्यालय घरातच असेल तर फॅक्स तांब्याच्या लाइनवरच ठेवा.

वीज गेल्यावर फायबरचा फोन मुका होतो, तांब्याचा चालू राहतो, कारण त्याला वीज एक्स्चेंजमधून मिळते. घरात आजारी माणूस असेल तर जुनी लाइन टिकवायला हे एवढं कारण पुरेसं आहे. मात्र तिला साधा, अडॅप्टर नसलेला फोन लावा, कॉर्डलेसचा तळ विजेशिवाय चालत नाही. फायबरही चालू ठेवायचं तर ओएनटीला राउटरचा छोटा यूपीएस लावा. व्होल्ट अडॅप्टरवर लिहिलेत तेवढेच हवेत, सहसा १२. अँपिअर तेवढे किंवा जास्त. ओएनटी दहा वॅट घेत असेल तर तीस वॅट-तासांची बॅटरी अडीच तासांच्या आसपास पुरते.

बाजारात लँडलाइन आणि इंटरनेट कॉल यांना जोडणारे डबेही मिळतात. त्यातून परगावच्या किंवा परदेशातल्या नातेवाइकांचे इंटरनेट कॉल आपल्या लँडलाइनवरून पुढे सोडण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. परवान्याशिवाय असं करणं म्हणजे बेकायदा टेलिफोन एक्स्चेंज चालवणं.

जुनी लाइन कधी सोडायची

नव्या नंबरवरून गेलेला फोन समोरच्याला अनोळखी दिसतो आणि उचलला जात नाही. रोजच्या पंधरा-वीस जणांना पहिल्याच आठवड्यात त्यावरून मिस्ड कॉल द्या आणि नाव साठवायला सांगा. मग फोनशेजारी वही ठेवा आणि तीन महिने जुन्या नंबरवर कोण कोण फोन करतं ते लिहा. गॅस एजन्सी, बँक, सोसायटी, डॉक्टर, भिशीचा गट, गावचे चुलते. वहीत नवं नाव येईनासं झालं की प्रत्येकाला नवा नंबर द्या, आणि जिथे नंबराची नोंद आहे तिथे तो बदला.

त्यानंतरही नंबर सोडायला जीव होत नसेल तर तो 'सेफ कस्टडी'त ठेवता येतो का ते एक्स्चेंजमध्ये विचारा. लाइन बंद राहते, नंबर तुमच्याच नावावर राहतो. सोडायचीच ठरली तर सरेंडरचा अर्ज लेखी द्या, सोबत शेवटचं भरलेलं बिल, ठेवीची जुनी पावती असेल तर तिची प्रत, आणि परताव्यासाठी रद्द केलेला चेक. कंपनीचा फोन किंवा मोडेम परत दिल्यावर त्याची वेगळी पोच घ्या. ती नसली की ठेवीतून त्याचे पैसे कापले जातात.